पडीक म्हणतात तो माळ

पक्षी बघायला जातो म्हटलं की लोक विचारतात, भिगवणला की नांदूर मधमेश्वरला? मी जातो तो दिवेघाट चढून गेल्यावर सासवडच्या आसपास पसरलेल्या माळावर. तिथे तळं नाही, रोहित नाहीत, सावलीला धड झाडही नाही. मुरमाड जमीन, पवन्या आणि कुसळी गवत, मधूनमधून तरवडाची न् हिवराची खुरटी झुडपं. अशा जमिनीपुढे सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहितात आणि बोलताना 'पडीक' म्हणतात. कितीतरी वर्षं याच माळावर बाराही महिने फिरल्यावर मला ते पटेनासं झालं आहे.

मोठ्या पाणथळींवर जावं, जरूर जावं. पण तिथे आपण पाहुणे असतो. एकच जागा धरून फिरायला लागलं की आज कोण दिसलं यापेक्षा आज कोण दिसलं नाही हे आधी जाणवतं, आणि मला पक्षीनिरीक्षणातला खरा आनंद तिथून सुरू होतो असं वाटतं.

माळाचं वर्ष जूनमध्ये उघडतं. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामाला येते, त्याच सुमाराला आफ्रिकेतून चातक आलेला असतो. काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर ऐटदार तुरा. कवींनी त्याला थेंबाची वाट बघत ताटकळत ठेवलं. माळावर मात्र तो कमालीचा कामात असतो. केसाळ सुरवंट खात, सातभाईंच्या घरट्यावर नजर ठेवून झुडपाझुडपातून फिरतो, कारण त्याच्या मादीला अंडी त्याच घरट्यात घालायची असतात. तिकडे ओढ्याकाठच्या झाडीतून पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत असतो. त्याचीही पिल्लं वाढवणार सातभाईच. या मळकट, कलकलाट करणाऱ्या पक्ष्यांनी दर पावसाळ्यात किती परकी पोरं मोठी केली असतील, याचा विचार केला की मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते.

श्रावणात गवत गुडघ्याला लागतं. मग बघण्यापेक्षा ऐकणं जास्त. पायाखालून लावा भुर्रकन उडतात, तेवढंच दिसतं. इथला एक बारका, तुरेवाला, तांबूस छातीचा चंडोल तर थेट दख्खनचाच. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी या मुलखाची पाहणी करत हिंडलेल्या कर्नल साइक्सनं १८३२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि इंग्रजीत त्याला आजही साइक्सचंच नाव आहे. ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो, तिच्यातलं हे वैभव दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरलं होतं.

दसरा-दिवाळीला गवत सोनेरी पडतं आणि पाहुणे उतरतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो: ५ ला मारुती चितमपल्लींची जयंती, १२ ला सालिम अलींची. माझा तो आठवडा संध्याकाळी माळावरच जातो, कारण तेव्हा भोवत्या मुक्कामाला येतात. हे शिकारी पक्षी मध्य आशियातून, कझाकस्तानसारख्या दूरच्या गवताळ प्रदेशातून येतात आणि रात्री झाडावर नव्हे, जमिनीवर गवतात झोपतात. सूर्य कलला की एकेक येऊ लागतो. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेले, उड्डाण अगदी खाली, गवताच्या शेंड्यांवरून. एक फेरी, दुसरी फेरी, मध्येच पाय सोडून टेकल्यासारखं करतो, पुन्हा उठतो. जागा पसंत पडली की पंख मिटून असा बुडतो की नजर त्याच ठिकाणी खिळलेली असूनही तिथे काही उतरलं होतं याची खूण राहत नाही. दिवसभर तो नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी टिपत शेतांवरून फिरलेला असतो. एवढ्या लांबून येऊन त्याला हवं असतं ते फक्त गवत, आणि रात्रभर शांतता. हल्ली काही छायाचित्रकार गाडी थेट गवतात घालतात. एक चांगला फोटो मिळतो, पण मुक्काम उठतो. हे थांबलं पाहिजे.

उन्हाळ्यात माळ भाजून निघतो आणि बहुतेकांच्या लेखी संपतो. नेमक्या त्याच दिवसांत माळटिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. घरटं म्हणजे खड्यांमधला उथळ खळगा. त्यात मातकट, काळपट ठिपक्यांची, साधारण चार अंडी. वैशाखात भर दुपारी मी ही टिटवी दुर्बिणीतून पाहिली आहे. ती अंडी उबवत नव्हती, त्यांच्यावर नुसती उभी होती, चोच उघडी टाकून, स्वतःच्या अंगाची सावली धरून. काही वेळानं उडाली, शेततळ्यावर गेली, पोटाची पिसं भिजवून परत आली आणि अंड्यांवर बसली. एवढ्या उन्हात सांभाळायची असते ती ऊब नव्हे, गारवा. जवळच धाविक पळत होता: चार पावलं धावायचं, थबकायचं, वाकून किडा टिपायचा, पुन्हा ताठ. वर डोंबारी चंडोल शीळ घालत आभाळातून गोते खात खाली येत होता. भर मे महिन्यात एवढा संसार चाललेला असतो.

आणि त्याच मे महिन्यात जेसीबी येतो. सलग समतल चर खणले जातात, पावसात खड्ड्यांत ग्लिरिसिडिया लागतो, फलक उभा राहतो. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला सगळीकडे मोकळी नजर लागते. झाड आलं की त्यावर टेहळणीला कावळा बसतो. घाटाच्या पूर्वेच्या या कमी पावसाच्या, उथळ मातीच्या प्रदेशात गवत हेच मूळचं रान आहे, जंगल तुटून उरलेली ती जागा नव्हे. याच गैरसमजात, नांगराखाली आणि वीजवाहिन्यांपायी माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ संपला. त्याच्यासाठीचं नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून आहे, पण नुसतं अभयारण्य असून भागत नाही, आजूबाजूचा माळही लागतो.

माळावर भेटणाऱ्या एका धनगर आजोबांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं: "समदीकडं झाडंच लावली, तर मेंढरं खातील काय?" दिवाळीनंतर ते आपला मेंढरांचा वाडा घेऊन कोकणात उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. माळाचं वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी नेमकं ठाऊक आहे, आणि वृक्षारोपणाच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही.

तुमच्या गावाच्या माळावर यंदा रोपं लावायचं ठरत असेल, तर आधी एप्रिल-मेमध्ये सकाळी तिथे चालत जा, शक्य तर एखाद्या मेंढपाळाला बरोबर घेऊन. जे दिसेल ते ग्रामसभेत सांगा. झाडं बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, गावठाणात लावा. माळ गवतासाठी राहू द्या.