तांब्याभर पाणी

आमचे गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, केळणा नदीच्या अंगाला आहे. समुद्र तेथून शंभर कोस दूर. लहानपणी आम्ही समुद्र पाहिला तो केवळ भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशात. निळ्या रंगाचा तो एवढा मोठा पसारा पाहून मला नेहमी वाटे, की तेथल्या लोकांना अंघोळीची किती चैन असेल! त्या समजुतीतली चूक कळायला मला वयाची साठी गाठावी लागली.

2022 सालच्या जानेवारीत माझ्या भाच्याचा निरोप आला, "मामा, आम्ही शिडाच्या नौकेने गोव्याहून कोचीला निघालो आहोत. तुम्ही आता शाळेतून मोकळे झालात. चला आमच्याबरोबर." नौका त्याच्या मित्राची होती. लांबी बेताची, एक डोलकाठी, दोन शिडे आणि खाली चार-पाच माणसे दाटीवाटीने निजू शकतील एवढी जागा. आम्ही पाच जण होतो. वाट सुमारे साडेतीनशे सागरी मैलांची आणि प्रवास पाच दिवसांचा. पहाटे जमिनीवरून येणारे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे, यांच्या आधाराने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस जायचे, असा बेत होता.

निघण्यापूर्वी नौकेच्या मालकाने आम्हांला समोर बसवून पाण्याचा हिशेब सांगितला. तो मला अजून तोंडपाठ आहे. नौकेवर एकूण दोनशे लिटर गोडे पाणी होते. दीडशे लिटर टाकीत आणि पन्नास लिटर वेगळ्या डब्यांत. डब्यांना संकटावाचून हात लावायचा नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरले, तर पाच माणसांना पाच दिवसांत शंभर लिटर लागणार. म्हणजे अंघोळीला उरले पन्नास लिटर. माणशी रोज दोन लिटर! बरोबरचा एक तरुण, जो प्रथमच समुद्रावर येत होता, तो चकित होऊन म्हणाला, "दोन लिटरमध्ये अंघोळ? अहो, आमच्या घरी फवारा चालू केला, की पाणी कढत होईपर्यंतच तेवढे वाहून जाते!" मला मात्र हसू आले. दोन लिटर म्हणजे आमच्याकडचे दोन तांबे. दुष्काळी मुलखातल्या माणसाला या नौकेवर परके वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

अधिक पाणी बरोबर का घेत नाहीत, असे कोणी विचारील. पाण्याचे वजन, हे त्याचे उत्तर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पाणी दुप्पट घ्यावे, तर दोन क्विंटलांचे ओझे आणखी वाढते आणि लहानशी नौका जड होऊन मंदावते. समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रेही आता निघाली आहेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ते पाणी मोठ्या दाबाने ढकलावे, तेव्हा क्षार मागे राहतात. परंतु त्या दाबासाठी वीज लागते आणि यंत्र भर समुद्रात बिघडू शकते. म्हणून जाणता दर्यावर्दी यंत्रावर विसंबत नाही. तो आपल्या सवयीवर विसंबतो.

नौकेवरच्या अंघोळीची रीत मोठी शहाणपणाची होती. दोरी बांधलेल्या बादलीने समुद्राचे पाणी ओढून घ्यायचे आणि डेकवर बसून आधी त्यानेच अंग भिजवायचे. नेहमीच्या साबणाला त्या पाण्यात फेस येत नाही. पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन नुसता पांढरा साका धरतो. आमच्या गावच्या विहिरीच्या जड पाण्यातही हेच होई, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. खलाशी लोक यासाठी भांडी घासण्याचा पातळ साबण वापरतात. त्याला खाऱ्या पाण्यातही फेस येतो. मग पुन्हा खारे पाणी आणि सर्वांत शेवटी गोड्या पाण्याची धार. ही शेवटची धार मात्र टाळता येत नाही. अंगावर मीठ राहिले, तर ते हवेतला ओलावा ओढून घेते, अंग चिकचिकत राहते आणि काचणाऱ्या जागी फोड येतात.

ती शेवटची धार कशाची होती, हे पाहून तर मी थक्क झालो. कपाशीवर औषध मारायला आमच्या शिवारात जो हातपंप वापरतात, तसाच एक कोरा करकरीत, औषधाचा स्पर्शही न झालेला लहान पंप तेथे होता! त्यात दोन लिटर पाणी भरायचे, तो दिवसभर उन्हात ठेवायचा, म्हणजे पाणी आपोआप कोमट होते. दांडा चार वेळा वरखाली केला, की बारीक तुषार उडतात आणि एक लिटरातच सगळे अंग धुऊन निघते. उरलेले एक लिटर दुसऱ्या दिवसाच्या शिलकीत टाकता येते. नौकेच्या मालकाने आणखी एक गोष्ट सांगितली. पावसाळी हवेत शिडाखाली बादल्या लावून पाणी धरतात, पण पहिली सर कधी धरत नाहीत. तिने शिडावरचे मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग पुढच्या सरीचे पाणी साठवायचे. धाब्यावरचे पावसाचे पाणी साठवतानाही आपण पहिले पाणी वाहू देतोच की!

अशा रीतीने दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र घात झाला. त्या तरुणाने तोंड धुतल्यावर विजेच्या पंपाची कळ चालूच ठेवली आणि नळही नीट बंद केला नाही. वाऱ्याच्या आवाजात कोणाच्या ध्यानी आले नाही. ध्यानी आले तेव्हा टाकीतल्या नव्वद लिटरांपैकी सुमारे तीस लिटर पाणी वाहून गेले होते. त्यातच दुपारी वारा पडला. शिडे लोंबू लागली. यंत्रासाठी तेल होते, ते बंदरात शिरण्यापुरतेच. तीन दिवसांची वाट आता चार दिवसांची झाली. नौकेच्या मालकाने शांतपणे सांगितले, "आजपासून अंघोळ बंद. टाकीतले पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला."

कोणी त्या तरुणाला काही बोलले नाही. परंतु न बोलण्यानेही माणूस भाजून निघतो. तो डेकच्या टोकाला जाऊन पाठमोरा बसला आणि त्याने दुपारी पाण्याचा घोटही घेतला नाही. त्याच्या त्या पाठीकडे पाहता पाहता मला पन्नास वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. केळणेचे पात्र वाळूचा पट्टा होऊन पडले होते. विहिरीच्या तळाशी एक बारीक झरा तेवढा उरला होता. मोठ्या मुली दोर धरून आत उतरत आणि वाटीवाटीने घागर भरत. एक घागर भरायला तास जाई. घरी लाल मिलोची भाकरी आणि शाळेत सुकडी, असे आमचे जेवण. माझी माय रोज दोन कोस चालत दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. संध्याकाळी ती परते, तेव्हा तिच्या केसांवर, पापण्यांवर पांढरा धुरळा बसलेला असे. तिच्यासाठी आजी दोन तांबे पाणी घंगाळात झाकून ठेवी. माय बाजेवर बसून ते अंगावर घेई. बाजेखाली घमेले असे. त्यात पडलेल्या पाण्यात कपडे खळबळून काढत आणि शेवटी ते दारच्या लिंबाला घालत. एका पाण्याची तीन कामे होत.

एके दिवशी मी खेळून, घामाघूम होऊन आलो. घरात कोणी नव्हते. घंगाळावरचे झाकण मी काढले आणि ते दोन तांबे पाणी डोक्यावरून ओतून घेतले. किती गार वाटले, ते मी सांगू शकत नाही. खाली घमेलेही ठेवले नव्हते. सारे पाणी अंगणातल्या धुळीने पिऊन टाकले. थोड्या वेळाने माय आली. तिने घंगाळ पाहिले आणि माझे ओले केस पाहिले. आजी काठी घेऊन उठली. माय तिला म्हणाली, "राहू द्या, आत्याबाई. लेकरू आहे." मग पिण्याच्या घागरीतले वाटीभर पाणी घेऊन तिने पदराचा शेव भिजवला. त्या ओल्या पदराने तिने आधी डोळे पुसले, मग तोंड, मग मान, मग हात. सावकाश आणि नीटनेटके. त्यानंतर ती चुलीपुढे जाऊन बसली. तिने मला मारले असते, तर ती गोष्ट मी केव्हाच विसरून गेलो असतो.

ही हकीकत मी त्या तरुणाजवळ बसून त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "वाटीभर पाण्याने खरेच भागते का हो, काका?" मी म्हणालो, "करून पाहू या." नौकेच्या मालकाची परवानगी काढून मी पाच वाट्या पाणी घेतले. पाचही मिळून एक लिटर भरले नसते. समुद्राच्या पाण्याने अंघोळ करून झाल्यावर प्रत्येकाने स्वच्छ फडके वाटीत भिजवून, मायने पुसले होते त्याच क्रमाने अंग पुसून घेतले. अंगाची चिकचिक गेली. रात्री सर्वांना झोप लागली. त्या तरुणाने मात्र आपल्या वाटीतले अर्धे पाणी जेवणाची भांडी विसळायला राखून ठेवले होते.

सहाव्या दिवशी सायंकाळी आम्ही कोचीच्या बंदरात शिरलो. डब्यांतले तीस लिटर पाणी तोवर शिल्लक होते. त्या रात्री एका अतिथिगृहात मी न्हाणीघरात गेलो आणि फवारा चालू केला. पाणी धो धो कोसळू लागले आणि माझा हात नकळत कळीवर जाऊन ती बंद करून आला. मी बादली शोधली.

आमचा प्रवास तो केवढासा! गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. 2017-18 मध्ये भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि 2024-25 मध्ये दोघींनी 'तारिणी'तून जगाला फेरी घातली. अभिलाष टॉमी हे तर 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013 असे पाच महिने कोठेही न थांबता एकटे प्रवास करीत होते. नेमक्या त्याच महिन्यांत आमचा जालना जिल्हा भीषण दुष्काळाने होरपळत होता. दारोदारी टँकरची वाट पाहणे चालले होते. महासागरातला तो एकटा माणूस आणि टँकरपुढे घागरी मांडून बसलेल्या आमच्या आयाबहिणी, दोघांचाही हिशेब एकच होता: आहे ते पाणी पुढचे पाणी येईपर्यंत पुरवायचे.

दुष्काळाने आम्हांला शहाणेही केले. जालना शहरासाठी पूर्वी बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातला गाळ लोकांनी उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेला. कडवंची गावाने 1996 पासून पाणलोटाची कामे केली, शेततळी खोदली आणि कोरडवाहू माळावर द्राक्षांचे मळे उभे केले. पाणी अडवणे हे पुष्कळांचे काम आहे. ते पुरवून वापरणे हे मात्र एकेकट्याचे काम आहे.

आता आमच्या घरी नळ आहे. माय जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिचे पितळी घंगाळ मी घासूनपुसून न्हाणीत ठेवले आहे. त्यात मोजून पाणी घेतो आणि त्यानेच अंघोळ करतो. परवा माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, नळाला भरपूर पाणी असताना तुम्ही एवढ्याशा पाण्याने अंघोळ का करता?" मी त्याला जवळ बसवले आणि म्हणालो, "बाळ, हे पाणी एकट्या माझे नाही. यातले दोन तांबे मला कोणाचे तरी परत करायचे आहेत."