विस्तवाला वाट हवी

वीज गेली की दिवा, पंखा, मिक्सर ही सारी मंडळी निमूटपणे थांबतात. विस्तव थांबत नाही. ही साधी गोष्ट आम्हां उभयतांना पोलंडमधील मुक्कामात नव्याने उमगली. क्राकूव शहरात १ सप्टेंबर २०१९ पासून घरोघरी कोळसा आणि लाकूड जाळण्यास बंदी आहे. परंतु आमची कन्या राहते ते गाव शहराबाहेर, आणि तिच्या तळघरात लाकडावर चालणारा बॉयलर आहे.

त्यातले तापलेले पाणी विजेचा एक पंप घरभर फिरवतो. बॉयलर वीस किलोवॅटचा, पंप जेमतेम पन्नास वॅटचा. परंतु या चिमुकल्या सेवकावाचून सारा कारभार अडतो. पंप थांबला तरी भट्टीत भरलेली लाकडे जळतच राहतात. त्याच आचेवर शंभर लिटर पाणी सत्तर अंशांवरून उकळीला येण्यास सुमारे दहा मिनिटे पुरतात. पुढे वाफ, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. बंदिस्त लोखंडात ती कोठे मिळणार?

बेळगावच्या आमच्या घरी तांब्याचा बंब होता. त्यात पाणी फिरवायचे नव्हते आणि तोंडही कधी बंदिस्त नव्हते. वरून गार पाणी ओतावे, तोटीतून कढत घ्यावे. पाणी उकळलेच तर वाफ आपल्या वाटेने निघून जाई.

पोलंडच्या नियमांतही हेच शहाणपण होते. घन इंधनाच्या बॉयलरला माथ्यावर उघडी टाकी असावी, असा दंडक होता. २००९ साली तीनशे किलोवॅटपर्यंतच्या बॉयलरना बंदिस्त रचनेची मुभा मिळाली, ती जादा उष्णता बाहेर टाकणारे साधन बसविण्याच्या अटीवर. हे साधन म्हणजे बहुधा एक झडप. पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपास पोहोचले की ती विजेवाचून आपोआप उघडते, नळाचे गार पाणी आतल्या वेटोळ्यातून धावते आणि उष्णता घेऊन मोरीत जाते. बंबात गार ओतून कढत काढण्याचीच ही रीत!

एका हिमवादळी संध्याकाळी वीज गेली. जावईबापू कामावर, घरी आम्ही, कन्या आणि पाच वर्षांचा नातू. कन्येने खालचे हवेचे दार लावले. धुराड्याची झडप मात्र पूर्ण मिटली नाही, कारण कोंडलेला विषारी धूर घरात शिरतो. निखाऱ्यांवर पाणी ओतू नये, हेही तिला ठाऊक होते. तापल्या लोखंडास तडे जातात आणि वाफ अंगावर येते. काटा पंचाण्णवाजवळ गेला, आणि मोरीत पाण्याचा खळखळाट सुरू झाला. नातवाला गंमत वाटली. आमच्या जिवात जीव आला.

शेजारच्या घरी पाणी स्वतःच्या विहिरीतून विजेच्या पंपाने येते. वीज गेली की तेथे झडप उघडूनही पाणी येणार नाही! अशा घरी पंपासाठी बॅटरीचा आधार, किंवा माथ्यावरची उघडी टाकी, हाच उपाय.

निघताना आम्ही जावईबापूंना एवढेच सांगितले की, दर वर्षी थंडीपूर्वी ती झडप जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. वर्षानुवर्षे न हललेली झडप गरजेच्या क्षणी हलेलच, असे नाही.