रॉड बदलताना

‘फियाटचाच आहे, पद्मिनीला बसेल की!’ असं म्हणत माणसं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने कनेक्टिंग रॉड घेऊन घाटकोपरला आमच्या गॅरेजात येतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११००, डिलाइट, प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी अशी नावं बदलत गेली, पण इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं: बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या मुंबईत एवढी वर्षं तगल्या, त्यामागे एका गाडीचा सुटा भाग दुसरीला लावता येण्याचा मोठा हात होता.

तरीही नावावर भरवसा ठेवून मी रॉड बसवत नाही. इटलीत याच घराण्यातलं १२२१ सीसीचं इंजिन निघालं; त्याचा स्ट्रोक ७५च, बोअर तेवढा ७२. स्ट्रोक सारखा असला तरी पिस्टन वेगळा, म्हणून पिस्टनच्या पिनचा व्यास आणि स्मॉल एंडची, म्हणजे रॉडच्या पिस्टनकडच्या टोकाची, रुंदी तपासल्याशिवाय तो रॉड हातात घेण्यात अर्थ नाही. प्रीमियरच्याच ११८ एनईत तर निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. बोअर ७३, स्ट्रोक ७०. कंपनी एक, पण रॉडचं पद्मिनीशी काही नातं नाही.

ब्लॉकची उंची ठरलेली असते. अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर, ही बेरीज त्या उंचीत बसवावी लागते. रॉड १ मिलिमीटर लांब निघाला, तर पिस्टन तेवढाच वर चढतो आणि ६८च्या बोअरमध्ये साडेतीन सीसीहून जास्त जागा खातो. कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन नॉक करायला लागतं. फरक आणखी मोठा असेल तर पिस्टन थेट हेडला भिडतो.

लांबी जुळली की मी कॅपकडे वळतो. बिग एंडचं, म्हणजे क्रँककडच्या टोकाचं, भोक कॅप आवळून मशीन केलेलं असतं, त्यामुळे ते आपल्याच कॅपसोबत गोल राहतं. रॉडवर आणि कॅपवर ठोकलेले आकडे एका बाजूला आले पाहिजेत, बेअरिंगच्या शेलच्या खाचाही. मग बोल्ट टॉर्क पान्याने आवळून बोअर गेजने उभं-आडवं मोजायचं. क्रँक २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घासलेला असेल तर शेलही त्याच मापाचे हवेत. शेवटी पिन घालून रॉड वाकलेला किंवा पिळलेला नाही ना, हे बघायचं. पाणी ओढलेल्या इंजिनात ही पायरी चुकवूच नये. मुंबईच्या पावसात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, ते दाबलं जात नाही, आणि सगळा मार रॉड खातो.

राहिलं वजन. बिग एंडकडे १० ग्रॅम जास्त असले, तर ४००० आरपीएमला क्रँकपिनवर साडेसहा किलोहून जास्त वजनाएवढी ओढ वाढते, आणि ती प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत राहते. थरथर आधी जाणवते, बेअरिंग नंतर जातं. म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी तोलून चारही रॉड सारखे करायचे. माझ्या मते एकटा रॉड बदलणं हे अर्धं काम आहे. दुसऱ्या इंजिनातून घ्यायचेच तर चारही घ्यावेत, आपापल्या कॅपसकट.

ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आता येतात त्या मुलुंड-बोरिवलीच्या हौशी मालकांनी जपलेल्या खासगी गाड्या. नवे रॉड मिळणं कठीण, त्यामुळे अदलाबदल वाढतच जाणार, आणि ती व्हायलाही हवी. फक्त तिची नोंद राहिली पाहिजे. कुठला रॉड कुठल्या इंजिनातला, कितव्या सिलिंडरला, वजन किती, शेल कुठल्या मापाचा, हे सगळं मराठीत लिहून मी बिलासोबत मालकाला देतो. उद्या दुसरा कुणी मेकॅनिक ते इंजिन खोलेल, तेव्हा त्याला अंदाजावर काम करायची वेळ येऊ नये.