पार्ल्याचा करंज माळावर

विलेपार्ल्याला मावशीच्या बैठ्या घराच्या आवारात एक करंज होता. सुटीत मी गावाहून तिथे जात असे. उन्हाळ्यात त्याच्या फिक्या जांभळट फुलांचा सडा पडायचा. मावशी दिवसातून दोनदा खराटा फिरवायची, पण झाडाला कधी बोलली नाही. झाड मोठे आणि जागा एवढीशी. एकीकडे भिंत, दुसरीकडे विजेच्या तारा. दरवर्षी छाटून छाटून बिचारे एका अंगाला कलले होते.

2009 साली घर पाडून तिथे इमारत बांधायचे ठरले. मावशीने वाळक्या शेंगा पिशवीत भरून माझ्या हाती दिल्या. म्हणाली, "तुमच्याकडे माळ आहे. तिथे याला हातपाय पसरू दे."

इंग्रजीत करंजाला 'इंडियन बीच' म्हणतात. खरा बीच थंड मुलखातला, त्याचे कूळच वेगळे. विलायतेत मोठ्या बागांमधून तो शोभेसाठी मोकळ्यावर एकटा लावतात. आपला करंजही तसाच एकटा शोभतो, हे मात्र मला माळावरच कळले.

शेंग फोडली की बहुधा एकच बी निघते. ते रात्रभर भिजवून पिशव्यांत लावले. बी ताजेच घ्यावे, जुने झाले की नीट उगवत नाही. पुढच्या पावसाळ्यात दोन फुटांचा खड्डा घेऊन, शेणखत घालून रोप लावले. पिकापासून चांगले तीस फूट दूर, कारण करंजाची मुळे लांब जातात आणि मुळांतूनही फुटवे येतात. पहिले दोन उन्हाळे घागरीने पाणी घातले, पुढे नाही.

वडील चिडले होते. "खायला फळ नाही, तर आंबा का नाही लावलास?" मी म्हटले, बियांचे तेल निघते, पेंड खताला होते. खरे सांगायचे तर मला ते झाड नुसते बघायला हवे होते. खालच्या फांद्यांना मी कोयता लावला नाही. आज त्या चहूकडे सारख्या पसरून जमिनीकडे झुकल्या आहेत. चैत्रात नवी पालवी उन्हात अशी चकाकते की रस्त्यावरून दिसते. दुपारी वडिलांची बाज आता तिथेच असते.

2019 च्या वैशाखात मावशी आली. फुले पडली होती. थोडा वेळ वर बघत राहिली, मग पदर खोचून म्हणाली, "खराटा कुठे आहे रे?"

बाजेवरून वडील म्हणाले, "राहू द्या ताई. इथे कोण झाडतंय!"