सुरतेहून गाबा

२०२१ची संक्रांत सुरतेत दबकतच आली. इथे तिला उत्तरायण म्हणतात आणि ती दोन दिवस चालते; चौदा जानेवारीची खरी आणि पंधराची वासी. त्या साली करोनामुळे गच्चीवर बाहेरच्या माणसांना मज्जाव होता. वासी उत्तरायणाच्या पहाटे, मांज्याच्या फिरक्या कोपऱ्यात पडलेल्या असताना, ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतला चौथा आणि शेवटचा कसोटी सामना सुरू झाला. मालिका १-१ अशी बरोबरीत होती. गाबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही कसोटी हरली नव्हती.

उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणारे आम्ही बहुतेक खानदेशी. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही आमची गावं, आणि तापीच्या खोऱ्यातून सुरतेला येणारी रेल्वे हा आमचा रस्ता. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये गठ्ठे बांधायला. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी. २०२० च्या उन्हाळ्यात लूम बंद पडले तेव्हा यातले किती तरी लोक मिळेल त्या वाहनाने, नाही मिळालं तर पायी, गावाकडे गेले. पावसाळ्यानंतर हळूहळू परत आले. परत आल्यावर खोलीचं थकलेलं भाडं तसंच होतं आणि शेठकडे काम निम्मंच. त्या हिवाळ्यात क्रिकेटकडे आमचं लक्ष कसं होतं, हे कळायला एवढं सांगणं भाग आहे.

मालिकेच्या पहिल्या कसोटीत, १९ डिसेंबरला ॲडलेडमध्ये, भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. भारताच्या कसोटी इतिहासातली ती सगळ्यात कमी धावसंख्या. कप्तान विराट कोहली पहिल्या बाळंतपणासाठी पत्नीजवळ असावं म्हणून मायदेशी परतणार होता, शमीचा हात मोडला होता. चहाच्या टपरीवर लोक मालिका ४-० ने गेली असं धरूनच चालले होते. त्या दिवसानंतर निम्म्यांनी सामना बघणं सोडलं. उरलेले निम्मे पुढच्या सामन्याला पहाटे पाचचा गजर लावून पुन्हा उठले, आणि मला या दुसऱ्या निम्म्यांविषयी बोलायचं आहे.

मेलबर्नला कप्तानी अजिंक्य रहाणेकडे आली. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, डोंबिवलीत वाढलेला हा माणूस मैदानावर फारसा बोलत नाही. त्याने ११२ धावा केल्या, पुढे जडेजाबरोबर धाव घेताना तो धावबाद झाला आणि जाता जाता जडेजाच्या पाठीवर हात ठेवून गेला. सामना भारताने आठ गडी राखून जिंकला. सिडनीत पाचव्या दिवशी हनुमा विहारी दुखावलेला पाय ओढत १६१ चेंडू खेळला, अश्विन पाठ धरून १२८, आणि दोघांनी सामना अनिर्णित राखला. माझ्या मते मालिका तिथेच फिरली. ब्रिस्बेनला जाताना बुमराह, अश्विन, जडेजा, विहारी सगळेच जायबंदी. गोलंदाजीची धुरा मोहम्मद सिराजकडे. त्याचे रिक्षा चालवणारे वडील नोव्हेंबरमध्ये हैदराबादेत वारले होते आणि तो अंत्यविधीला न जाता संघाबरोबर थांबला होता. त्याच्याबरोबर नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर, दोघांचीही ती पहिलीच कसोटी, आणि पालघरचा शार्दुल ठाकूर. सुरत-मुंबई गाडीने जाताना ज्या पालघरवरून आम्ही शेकडो वेळा गेलो, तिथून हा मुलगा क्रिकेटचं किट घेऊन लोकलने मुंबई गाठायचा. पहिल्या डावात भारताचे सहा गडी १८६ वर गेले असताना ठाकूर आणि सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली. ठाकूरने दोन्ही डावांत मिळून सात बळीही घेतले.

१९ जानेवारी, मंगळवार. मी तेव्हा एका लूमच्या खात्यात हिशेबाला बसत असे. खात्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. एका कारागिराने मोबाईल रबरबँडने लूमच्या लोखंडी चौकटीला बांधला होता. आवाजाचा उपयोगच नव्हता, त्यामुळे सगळं मुकं चाललं होतं. चौकटीच्या थरथरीने पडद्यावरचा गाबाही थरथरत होता. ताण्याचा धागा तुटला की लूम थांबवायचा, तोंडाने टोक ओलं करून गाठ मारायची, लूम पुन्हा चालू करायचा, आणि त्या पाच-दहा सेकंदांत पडद्याकडे बघून घ्यायचं. चेतेश्वर पुजाराच्या अंगावर चेंडू बसला की तो बघणारा शेजाऱ्याला स्वतःच्या शरीरावर हात लावून दाखवायचा: इथे लागला. कधी खांदा, कधी बरगडी, कधी बोट, कधी डोकं. राजकोटचा हा माणूस २११ चेंडू खेळला आणि त्याच्या धावा झाल्या ५६. त्या ५६ धावा आमच्या खात्यात शुभमन गिलच्या ९१ पेक्षा जास्त प्रेमाने बघितल्या गेल्या. बारा तासांची पाळी उभ्याने करणाऱ्या माणसाला ती फलंदाजी कुणी समजावून सांगावी लागत नव्हती.

दुपारी एकच्या सुमारास ऋषभ पंतने हेझलवूडचा चेंडू समोर सीमेपार मारला. ३२८ चं लक्ष्य होतं, भारत ७ बाद ३२९. आमच्या अमळनेरकडच्या कारागिराने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, ‘जिकनूत रे भो!’ लूमच्या आवाजात ती दोन हातांवरही पोहोचली नसेल. पण त्याच्या मागच्या लूमवरच्या, ओडिशातल्या गंजामहून आलेल्या माणसाने तोंड बघून ओळखलं आणि त्याला मिठी मारली. अहिराणीचा एक शब्दही त्याला येत नाही. शेठने सगळ्यांना चहा सांगितला. लूम मात्र कुणी बंद केला नाही. ताका पुरा व्हायचा होता.

२०११ च्या विश्वचषकाची रात्रही मी सुरतेत पाहिली आहे. वानखेडेवर सामना संपला आणि सगळं शहर रस्त्यावर आलं, फटाके, गुलाल, मोटारसायकली. तो आनंद मोठा होता, यात वाद नाही. पण आपल्या अंगणात जिंकताना हजारो माणसं आपल्या बाजूने ओरडत असतात. परमुलखात टाळी वाजवायला कुणी नसतं, खेळपट्टी दुसऱ्याची, वारा दुसऱ्याचा, आणि प्रेक्षकांतून काय काय ऐकावं लागतं ते सिराजने सिडनीत ऐकलं. पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला तेव्हा रहाणेने खेळत राहायचं ठरवलं. एखादा सामना परक्या मैदानावर नशिबाने जिंकता येईल, मालिका जिंकता येत नाही. तिला दोन महिने टिकून राहावं लागतं. दोन महिन्यांत कोण पडतो, कोण उभा राहतो, हे सगळं प्रेक्षकाने बघितलेलं असतं आणि म्हणून तो विजय बघणाऱ्याच्याही अंगात मुरतो. पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसाला हे अधिक कळतं असं मी म्हणेन, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. त्या दिवशी खात्यात मी ते तोंडं बघून शिकलो.

आता सुरतेच्या एका माणसाचं सांगतो. त्याच्याविषयी या शहरात जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रुसी सुरती, जन्म २५ मे १९३६, सुरत. पारशी घर. डावखुरा फलंदाज, डाव्या हातानेच मध्यमगती आणि फिरकी दोन्ही टाकणारा, आणि त्या काळच्या भारतीय संघात दुर्मीळ असं चपळ क्षेत्ररक्षण करणारा. त्याला ‘गरिबांचा सोबर्स’ म्हणत. मला हे नाव कधीच आवडलं नाही. सोबर्सशी तुलना कुणाचीच होत नाही, मग सुरतीच्या वाट्याला ती मोजपट्टी का यावी?

जानेवारी १९६८ मध्ये याच गाबावर भारत ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळत होता. मालिकेतले पहिले दोन्ही सामने हरून झाले होते. जयसिंहाला भारतातून मागाहून बोलावून घेतलं, तो आला आणि ७४ व १०१ धावा करून गेला. त्याच सामन्यात सुरतीने ५२ आणि ६४ धावा केल्या आणि सहा बळी घेतले. ३९५ धावांचं लक्ष्य होतं, भारत ३५५ पर्यंत पोहोचला. ३९ धावांनी हार. पंतच्या त्या चौकाराआधी त्रेपन्न वर्षं गाबावर एक सुरतकर विजयाच्या एवढ्या जवळ आला होता, हे २०२१ च्या जल्लोषात मला कुठेच ऐकू आलं नाही.

ऑस्ट्रेलियातले चारही सामने हरलेला तो संघ तिथून न्यूझीलंडला गेला. कप्तान पतौडी. फेब्रुवारीत ड्युनेडिनला भारताने परदेशातला आपला पहिला कसोटी विजय मिळवला. ख्राइस्टचर्चला हार, मग वेलिंग्टनला अजित वाडेकरचं १४३ धावांचं शतक, त्याच्या कारकिर्दीतलं एकमेव कसोटी शतक, आणि विजय. शेवटी ऑकलंड, २७२ धावांनी. मालिका ३-१. परदेशात जिंकलेली भारताची पहिली मालिका. तेव्हा दूरदर्शन फक्त दिल्लीत दिसे. लोकांपर्यंत बातमी रेडिओने आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने गेली. पुढे १९७१ ने या विजयाला झाकून टाकलं. ते साहजिक होतं, पण न्याय्य नव्हतं.

ड्युनेडिन आणि वेलिंग्टन, दूरच्या याच दोन गावांत चौपन्न वर्षांनी आणखी एक मालिका जिंकली गेली, रग्बीची. जुलै २०२२ मध्ये आयर्लंडचा संघ न्यूझीलंडला गेला आणि पहिला सामना ऑकलंडला ४२-१९ असा वाईट हरला. न्यूझीलंडविरुद्ध त्यांच्याच भूमीवर आयर्लंडने तोवर कधीच विजय पाहिला नव्हता. ड्युनेडिनला तो २३-१२ असा मिळाला, मग वेलिंग्टनला ३२-२२, आणि मालिका २-१. रग्बी आमच्याकडे कुणी खेळत नाही, मलाही तिचे नियम अर्धवटच कळतात. पण सामना संपल्यावर मैदानातच रडणारा पीटर ओ’माहोनीसारखा धिप्पाड गडी पाहिला तेव्हा त्या रडण्यामागचं काही समजावं लागलं नाही. वेळेच्या फरकाने आयर्लंडमधल्या लोकांनीही तो सामना सकाळी सकाळीच पाहिला होता.

१९७१ मात्र मराठी माणसाला सांगायला नको. वाडेकर कप्तान, गावसकर पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, मडगावचा दिलीप सरदेसाई ६४२, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा. फेब्रुवारी ते एप्रिल वेस्ट इंडिज, जुलै-ऑगस्टमध्ये इंग्लंड. ओव्हलला चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंड १०१ मध्ये संपलं, आणि शेवटच्या दिवशी गणेश चतुर्थी होती. तिथल्या भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण ओव्हलवर आणली होती. देश सोडून गेलेल्या माणसांनी मैदानात हत्तीण आणावी, यात मला केवढी श्रद्धा दिसते! आणि तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, वाडेकरचा संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद होऊन ०-३ हरून आला तेव्हा मुंबईत त्याच्या घरावर दगड पडले. वाडेकरने त्यानंतर कसोटी खेळली नाही. हे दगड मारणारेही स्वतःला रसिक म्हणवत असतील. मी त्यांना रसिक मानत नाही. ज्याला हार पचत नाही त्याला जिंकण्याचा आनंद भोगायचा हक्क कुठून येणार?

म्हणून मला गाबाहून परतलेल्या रहाणेचं माटुंग्यातलं स्वागत आवडलं. ढोल-ताशे होते, गर्दी होती, फुलं होती. कुणी तरी केकवर कांगारू बसवून आणला होता. रहाणेने तो कापला नाही. गाबावर नेथन लायनचा शंभरावा कसोटी सामना होता, तेव्हा सगळ्यांच्या सह्यांची भारतीय जर्सी याच रहाणेने त्याच्या हातात दिली होती, आणि करंडक हाती आल्यावर तो नव्या नटराजनकडे सोपवला होता. ज्याने परमुलखात पाहुणा म्हणून दोन महिने काढले, त्याला यजमानाचा मान कसा ठेवावा हे माहीत होतं.

रुसी सुरतीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९६८ च्या त्या दौऱ्यातला खेळ पाहून क्वीन्सलँडने त्याला बोलावून घेतलं. शेफील्ड शील्डमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय. ज्या गाबावर तो ३९ धावांनी हरला, तेच त्याचं घरचं मैदान झालं, आणि खेळ संपल्यावरही तो ब्रिस्बेनलाच राहिला. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत त्याचं निधन झालं. भारत गाबावर जिंकला तेव्हा त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. तो असता तर कुणाच्या बाजूने असता, असं मला एकाने विचारलं. मला तो प्रश्नच गैर वाटतो. ज्याने दोन्हीकडे घाम गाळला त्याची दोन्ही घरं खरी.

विजयानंतरच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलं टेनिस बॉलने खेळत होती, प्रत्येक जण पंत. मी त्यांना सुरतीची गोष्ट सांगितली. सव्वीस कसोटी सामने, १२६३ धावा, ४२ बळी, आणि शतक एकही नाही. सगळ्यात मोठी खेळी ऑकलंडला, न्यूझीलंडविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत: ९९ वर बाद.

‘बस एक रन कमी पडला?’ दोंडाईचाकडून नुकताच राहायला आलेला एक पोरगा कळवळून म्हणाला.

‘एकच.’

‘आन् मॅच?’

‘मॅच जिंकली. सिरीजही जिंकली.’

त्याने क्षणभर विचार केला, बॅट खांद्यावर टाकली आणि म्हणाला, ‘मंग चालस ना!’