चार ओळींचे चरित्र

मराठी वाङ्मयात चरित्रग्रंथांना तोटा नाही. एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र तीनचारशे पृष्ठांहून कमी भरले, तर चरित्रकाराने हात आखडता घेतला असे आपण खुशाल म्हणतो. परंतु तळहाताएवढ्या जागेत मावणारे असेही एक चरित्र असते. अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रे असलेले जे छोटे पत्ते निघतात, त्यांतील जुन्या पत्त्यांच्या पाठीवर छापलेला मजकूर हे ते चरित्र होय.

आमचे एक माजी विद्यार्थी बरीच वर्षे न्यू जर्सीत आहेत. ते सुरतेस आले असता अशा जुन्या पत्त्यांची एक चळत त्यांनी आम्हांस पाहावयास दिली. बेसबॉल आम्हांस कळत नाही, आणि या वयात तो कळावा अशी हौसही नाही. तेव्हा चित्रे पालथी घालून आम्ही पाठीच वाचीत बसलो.

या पत्त्यांचा आरंभ सिगारेटच्या पाकिटांतून झाला. पाकिटाला ताठपणा यावा आणि गिऱ्हाईकही बांधले जावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. १९११ च्या सुमारास पाठीवर खेळाडूची माहिती दिसू लागली. १९३३ मध्ये गाउडी कंपनीने च्युइंग गमबरोबर दिलेल्या पत्त्यांवरही ती होती. पुढे १९५२ च्या मालिकेसाठी टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी ब्रुकलिनमधील आपल्या स्वयंपाकघराच्या मेजावर कात्री व पुठ्ठा घेऊन नवा पत्ता आखला व त्याच्या पाठीवर आकडे आणि मजकूर शेजारी शेजारी बसविले. त्या वर्षीचे न खपलेले पत्ते कंपनीने १९६० मध्ये समुद्रात लोटून दिले. त्याच मालिकेतील मिकी मँटल या खेळाडूचा एक पत्ता २०२२ साली सव्वाकोट डॉलरांहून अधिक किमतीस गेला! व्यापाऱ्याची दृष्टी आणि काळाची दृष्टी यांत एवढे अंतर पडते.

आमचे लक्ष वेधले ते मात्र त्या मजकुरातील एका बारीक गोष्टीने. जन्मगाव, उंची, वजन, डावखुरा की उजवा, हे सारे झाल्यावर कित्येक खेळाडूंच्या बाबतीत हंगामाबाहेरचा उद्योगही तेथे नमूद असे. त्या काळी नुसत्या खेळावर बहुतेकांचा संसार चालत नव्हता. कोणी विमा विकी, कोणी शेती पाही. पिट्सबर्गकडून खेळणारा रिची हेब्नर तर हिवाळ्यात कबरी खणण्याचे काम करी. त्याने ते कधी लपविले नाही, आणि त्यावाचून त्याच्या कीर्तीला काही उणेपणाही आला नाही.

आमच्या लहानपणी आपल्याकडे बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. त्यांवर धावा व बळी छापलेले असत, आणि ते जमवून बक्षीस मिळविण्यात पोरे दंग असत. पुढे ट्रम्प कार्डे आली. त्यांवर आकडेच आकडे. चरित्र असे नव्हते. आमच्या सुरतेत १९३६ मध्ये जन्मलेल्या रुसी सुरतींचे उदाहरण घ्या. २६ कसोटी सामने, १२६३ धावा, ४२ बळी, सर्वोच्च ९९. आकडे येथे संपले. परंतु हे ९९ म्हणजे १९६८ मध्ये ऑकलंडला एका धावेने हुकलेले शतक, तसे शतक पुढे कधीच झाले नाही, आणि हा गृहस्थ पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन क्वीन्सलंडसाठी खेळला, हे सांगावयास चार ओळी लागतात.

अर्थात चार ओळींत काय लिहावयाचे हे लिहिणाराच्या मनावर असते. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, हे कोणीही लिहील. पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळत असता त्यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे, हे लिहिण्यास निराळी लेखणी हवी.

आमच्या शाळेतील बहुतेक मुले खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील आहेत. उधना-लिंबायतकडच्या लूम्सच्या खात्यांवर त्यांचे वडील काम करतात. मराठी माध्यमातील बाके दरसाल मोकळी होत आहेत, ती चिंता वेगळीच. पण जी मुले उरली आहेत, तीही दाखल्याच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'खाजगी नोकरी' एवढेच लिहून मोकळी होतात. कोणी विचारले तर मान खाली घालतात.

हेब्नरचा तो हिवाळी उद्योग आम्ही आठवीच्या वर्गास सांगितला. मुले प्रथम हसली, मग गप्प झाली. त्यानंतर प्रत्येकास पत्त्याएवढा पुठ्ठा दिला आणि पुढे वडिलांचे चित्र व पाठीवर मराठीत चरित्र, असा गृहपाठ सांगितला. निबंधात 'माझे वडील मला फार आवडतात' यापलीकडे न जाणाऱ्या मुलांनी येथे मात्र जागा कमी म्हणून शब्द मोजून वापरले. एका मुलाचा पत्ता असा होता: "जन्म अमळनेर तालुका. उंची बेताची. दोन्ही हातांनी काम करतात. एकटे आठ मशिने सांभाळतात. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. धागा तुटला की आवाजावरून ओळखतात."

ते सारे पत्ते आम्ही वर्गाबाहेरच्या फलकावर लावले. आठवड्याभरात या मुलाचे वडील पाळी सुटल्यावर तसेच शाळेत आले. केसांत सुताची कणी होती. बसा म्हटले तरी बसले नाहीत. फलकापाशी उभे राहून त्यांनी पत्त्याची पाठ सावकाश वाचली, चौथ्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "गुरुजी, आठ नही, बारा शेतस."

आम्ही मुलास वर्गातून बोलाविले. त्याने तेथेच आठ खोडून बारा लिहिले.