हेमाडपंतीच्या पलीकडे

बीडमध्ये कुणालाही विचारा, कंकालेश्वराचं देऊळ कसलं? उत्तर एकच, हेमाडपंती. मराठवाड्यात काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय सांधलेलं जुनं देऊळ दिसलं की हा शब्द ओठावर येतोच. ज्या हेमाद्री पंडिताचं नाव या देवळांना चिकटलं, तो महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं शिवालय तर १०६० सालचं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. तेही आपण हेमाडपंतीतच जमा करतो. तारखांच्या घोळाचं मला फारसं काही नाही. खंत वाटते ती एवढीच, की हा एक शब्द उच्चारला की माणूस बघायचं थांबतो.

कंकालेश्वर तळ्याच्या मधोमध उभा आहे. दगडी वाटेनं आत जावं आणि देवाआधी भिंतीपाशी थांबावं. खालचं जोतं म्हणजे अधिष्ठान. त्यात थरावर थर येतात. त्यातल्या धारदार कडेच्या थराला कणी म्हणतात. सकाळचं तिरपं ऊन पडलं की या कणीखाली सावलीची बारीक रेघ उमटते, आणि एवढा जड दगड जमिनीपासून सुटल्यासारखा वाटतो. वर जंघा, म्हणजे मूर्तींचा पट्टा. इथं शस्त्र धरलेल्या स्त्रियाही आहेत. त्यांच्यासमोरून मला लवकर हलवत नाही. भिंत सरळ धावत नाही, घडी घातलेल्या लुगड्यासारखी आत-बाहेर होते. मधला पुढं आलेला भाग भद्र, कोपरा कर्ण. तारकाकृती विधान म्हणतात ते हेच. भिंतीला इतके कोपरे असले की उन्हाला प्रत्येक मूर्ती वेगळी उजळता येते.

आत एका मंडपाला तीन गाभारे. अशा देवळाला त्रिदल म्हणतात. मंडप आणि गाभारा यांच्यामधली चिंचोळी जागा म्हणजे अंतराळ. इथं पाऊल टाकलं की उजेड मागं राहतो, आवाज आपोआप खाली येतो. या जागेला अंतराळ म्हणणाऱ्याला मी मनोमन हात जोडतो. मान वर करावी तर वितान, म्हणजे छत. अशा छतात कमान नसते. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेतात, आणि उरलेली फट शेवटच्या शिळेनं मिटवतात. सगळा भार भारानंच तोललेला.

याच गावाजवळची खजाना विहीर निजामशाहीतली. खंडोबाच्या टेकडीवर दोन उंच दीपमाळा आहेत. तिथली परिभाषा निराळी, तिच्यासाठी वेगळं बसावं लागेल.

महाशिवरात्रीला कंकालेश्वरी जत्रा भरते. दर्शनाची रांग भिंतीलगत तुंबली असेल, तेव्हा शेजारच्या पोराला जंघा दाखवावी, भद्र कुठं संपतो आणि कर्ण कुठं सुरू होतो ते बोटानं दाखवावं. रांग पुढं सरकेपर्यंत ते पोर पुढचा कोपरा स्वतःच शोधू लागेल.